पाय प्लास्टरमध्ये, मूल घरात

दीड-दोन वर्षांच्या मुलाचा पाय मोडला की पहिला दिवस दवाखान्याचा असतो आणि पुढचे तीन ते सहा आठवडे घराचे. एक्स-रे, प्लास्टर, बिल हे काही तासांत आटोपतं. मग हातात फाइल, कडेवर जड झालेलं मूल आणि ‘पाणी लागू देऊ नका, पाय वर ठेवा, दोन आठवड्यांनी या’ एवढ्या तीन सूचना घेऊन आईबाप रिक्षात बसतात. या वयातल्या हाडाबद्दल वैद्यकशास्त्राला आज पुष्कळ माहीत आहे आणि त्यातलं बहुतेक दिलासा देणारंच आहे. पण प्लास्टरच्या खोलीतून ते घरापर्यंत फार थोडं पोचतं. गेल्या साठ वर्षांत या दुखापतीवरचे उपचार सौम्य होत गेले, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला आणि तेवढं काम घरावर येऊन पडलं. ते काम नेमकं काय आहे, त्यातलं काय ठरलेलं आहे आणि कशाबद्दल अजून मतं वेगळी आहेत, हे एकदा नीट मांडायला हवं.

कोणतं हाड, कसं मोडतं

नुकतंच चालायला लागलेल्या मुलांत, साधारण तीन वर्षांपर्यंत, नेहमी आढळतं ते नडगीच्या हाडाला खालच्या बाजूला पडलेलं तिरकं फ्रॅक्चर. डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. ‘टॉडलर्स फ्रॅक्चर’ या नावानं डॉक्टर त्याला ओळखतात. त्यासाठी मोठा अपघात लागत नाही. पाऊल सतरंजीत अडकतं, अंग वळतं, मूल बसकण मारतं आणि तेवढ्यानं नडगीला पीळ बसतो. जखम नसते, सूज जेमतेम असते. मूल पाय टेकत नाही, उभं केलं की रडतं, रांगायला मात्र तयार असतं. पहिल्या एक्स-रेत अनेकदा काही दिसतही नाही. सात ते दहा दिवसांनी हाडाभोवती नवं हाड धरू लागल्याची पुसट रेघ उमटते आणि निदान पक्कं होतं. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे, तरी पाय बांधून ठेवू,’ असं डॉक्टर म्हणाले तर त्यात त्यांचा गोंधळ नसतो. मुलाच्या चालीवरून केलेलं ते निदान असतं.

दुसरं नेहमीचं कारण घसरगुंडी. मूल एकटं घसरलं तर त्याचा वेग आणि वजन दोन्ही कमी असतं. मोठं माणूस त्याला मांडीवर घेऊन घसरलं आणि मुलाचा बूट कडेला अडकला, की मोठ्या माणसाचं सगळं वजन त्या पायाला पीळ देत पुढे जातं. जपण्यासाठी घेतलेली मांडीच पाय मोडायला कारण होते, हे बागेत जाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

आपल्याकडचं तिसरं कारण सायकल आणि मोटारसायकलचं मागचं चाक. आरीत पाय गेला की हाडाइतकीच टाचेमागच्या कातडीची काळजी करावी लागते. पहिल्या दिवशी नुसतं खरचटल्यासारखं दिसणारं कातडं पुढच्या दोन-तीन दिवसांत काळं पडू शकतं. म्हणून अशा पायावर लगेच पूर्ण बंद प्लास्टर घालायचं डॉक्टर सहसा टाळतात. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते गाडी ‘चांगली दिसावी’ म्हणून काढून टाकणाऱ्यांनी एकदा असा पाय पाहावा.

मांडीचं हाड मोडणं ही वेगळी गोष्ट. त्याला जोर जास्त लागतो, दुखणं तीव्र असतं आणि प्लास्टर छातीखालपर्यंत जातं.

या सगळ्यात मुलांच्या बाजूनं एक मोठी गोष्ट असते. लहान हाड ओल्या काठीसारखं वाकतं, पुरतं तुटून सुटं होत नाही. त्याभोवतीचं आवरण जाड असतं आणि ते तुकड्यांना धरून ठेवतं. नडगीचं साधं फ्रॅक्चर तीन-चार आठवड्यांत जुळतं. हाड थोडं वाकडं जुळलं तरी वाढीबरोबर ते बरंचसं सरळ होतं. पायाला आलेला पीळ मात्र असा आपोआप सुटत नाही, म्हणून डॉक्टर दोन्ही पावलांची दिशा ताडून बघतात. लहानपणी मांडीचं हाड मोडलं, तर जुळताना तो पाय काही वेळा सेंटिमीटरभर जास्त वाढतो. त्यामुळे सुरुवातीला एक्स-रेत हाड थोडं आखूड दिसलं तरी डॉक्टर घाबरत नाहीत.

प्लास्टर किती आणि कशाचं

जिप्सम भाजून केलेली पूड पट्टीत भरायची आणि पाण्यात बुडवून गुंडाळायची, ही पद्धत डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस माथाइसेन यांनी १८५१-५२ मध्ये रूढ केली. पॅरिसच्या खाणींतल्या जिप्सममुळे नाव पडलेलं ते प्लास्टर आजही आपल्या सरकारी रुग्णालयांचा आधार आहे. ते स्वस्त आहे आणि पायाच्या आकाराला नीट बसतं. काही मिनिटांत ते घट्ट होतं, त्या वेळी आतून गरम लागतं आणि मूल रडतं. पण पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर बोटांनी दाबून धरलं तर आत खड्डा पडतो आणि तो खड्डा कातडीला टोचत राहतो. ओलं प्लास्टर उचलायचं ते पंजाच्या सपाट भागानं आणि ठेवायचं उशीवर. फायबरचं प्लास्टर हलकं असतं, अर्ध्या तासात कडक होतं आणि महाग पडतं. फायबर भिजलं तरी मोडत नाही, पण आतला कापूस भिजतोच. ‘फायबर आहे, आंघोळ चालेल,’ हा समज अनेक मुलांच्या कातडीला महागात पडतो.

सूज असताना अर्धं, म्हणजे आपण म्हणतो ते ‘कच्चं’ प्लास्टर घालून काही दिवसांनी ‘पक्कं’ घालायची आपल्याकडची रीत योग्य आहे. कच्च्यात सुजेला वाव मिळतो.

मतभेद आहेत ते नडगीच्या साध्या फ्रॅक्चरबाबत. पूर्वी मांडीपर्यंतचं लांब प्लास्टर हा नियम होता. पुढे गुडघ्याखालचं प्लास्टर पुरेसं मानलं जाऊ लागलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काढता-घालता येणारा बूट वापरून पाहिला गेला आणि काही ठिकाणी काहीच बांधलं नाही. हाड मुळात सरकलेलं नसल्यामुळे या मुलांचं हाड बुटातही नीट जुळलं, ती लवकर पाय टेकू लागली आणि प्लास्टरमुळे होणाऱ्या जखमा टळल्या, असं या तुलनांमधून दिसत आलं आहे. मग प्लास्टर का घालतात? एक तर दुखणं कमी होतं. दुसरं, घर गजबजलेलं असेल, भावंडं अंगावर पडत असतील, तर कडक कवच उपयोगी पडतं. तिसरं, बूट काढता येतो म्हणून वेळेआधीच काढला जातो. हा निर्णय हाडाइतकाच घराचाही आहे. म्हणून ‘आमच्या मुलाला बूट चालेल का?’ असं विचारायला संकोच करू नये.

मांडीच्या हाडावरचे उपचार तर ओळखू येणार नाहीत इतके बदलले. दोन वर्षांखालच्या मुलाला पाय वर टांगून आठवडे न् आठवडे वॉर्डात ठेवत, त्याची आठवण आपल्याकडच्या जुन्या परिचारिकांना असेल. आता सहा महिने ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना भूल देऊन लवकरच स्पायका, म्हणजे छातीखालून पायापर्यंतचं प्लास्टर घालतात आणि घरी पाठवतात. पुढचे चार ते सहा आठवडे मूल आपल्या घरच्या गादीवर असतं.

पहिले दोन-तीन दिवस

सगळ्यात जास्त लक्ष इथे हवं. सूज वाढते ती याच दिवसांत आणि प्लास्टर काही सैल होत नाही. आत दाब वाढला तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कायमचं नुकसान होऊ शकतं. मोठं माणूस ‘आवळतंय’ म्हणून सांगतं. दीड वर्षाचं मूल सांगू शकत नाही. ते अस्वस्थ होतं, कशानंच शांत होत नाही आणि काल ज्या औषधानं झोपलं त्यानं आज झोपत नाही. ‘किरकिर करतंय, दात येत असतील,’ असं म्हणून रात्र काढू नये, कारण औषध कमी पडू लागणं हीच मुलाची तक्रार असते.

तपासायची रीत साधी आहे. प्लास्टरबाहेर आलेली पाचही बोटं उजेडात बघा. नैसर्गिक रंगाची आहेत की निळी, पांढरी? दुसऱ्या पायाच्या बोटांशी लावून बघा, गार तर नाहीत? अंगठ्याचं नख क्षणभर दाबून सोडा. फिकं पडलेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. मग तळव्याला गुदगुल्या करा, बोटं हलतात का बघा. शेवटी बोटं हळूच वरच्या दिशेला न्या. एवढ्यानं मूल किंचाळत असेल तर थांबू नका. पहिल्या दोन दिवसांत जागेपणी दर दोन-तीन तासांनी आणि रात्री निदान एक-दोनदा हे करावं. बोटांवर मेंदी, आलता किंवा नखांना रंग लावू नये, कारण खरा रंग दिसायला हवा. बोटं निळी-गार वाटली, मूल ती हलवत नसेल किंवा रडणं थांबतच नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका आहे. प्लास्टर उभं चिरून सैल करायला पाच मिनिटं लागतात आणि पाय वाचतो.

पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. मूल झोपलं की घोट्याखाली घडी घातलेली गोधडी घाला, पण टाच टेकू देऊ नका, नाहीतर टाचेवर जखम होते. पहिले दिवस झोळी नको. झोळीत पाय लोंबतो, मुडपतो आणि सूज वाढते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन सहसा पुरतं. इथे एक धोका मुद्दाम सांगायला हवा. पॅरासिटामॉल आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर पातळ औषधात पाच मिलिलिटरला साधारण १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी दीडशे मिलिग्रॅमपर्यंत औषध चालतं, म्हणजे १२५ च्या बाटलीतलं सहा मिलिलिटर. तेच सहा मिलिलिटर थेंबांच्या बाटलीतून दिलं तर ६०० मिलिग्रॅम जातं. बाटली बदलली की मात्रा बदलते. दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर हवं आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. अ‍ॅस्पिरिन आणि कोडीन या वयात देऊच नये.

मधले आठवडे

आठवडाभरात दुखणं ओसरतं. मग हाडाची काळजी कमी होते आणि कातडीची सुरू होते. प्लास्टरच्या काठाला कातडी लाल होते, आत खाज सुटते, भाताची शितं आणि बिस्किटाचा चुरा आत जातो. खाजेसाठी पट्टी, विणकामाची सुई, पेन्सिल काही घालू नये. आतली बारीकशी जखम प्लास्टर कापेपर्यंत कुणालाच दिसत नाही. पावडर आणि तेलही आत नको, त्यानं कापसाच्या गुठळ्या होतात. गार हवेवर लावलेला हेअर ड्रायर काठाशी धरला, प्लास्टरवर टिचक्या मारल्या किंवा दुसऱ्या पायाची तीच जागा खाजवली तर आराम पडतो. जेवताना प्लास्टरवर मोठं फडकं टाकावं. आतून कुजकट वास आला, ताप आला किंवा बाहेर ओला डाग दिसला, तर ठरलेल्या तारखेआधी दाखवावं.

आंघोळ म्हणजे अंग पुसून घेणं. पावसाळ्यात दोन गोष्टी जास्त लागतात: बाहेर जाताना प्लास्टिकचं वेष्टण आणि घरी आल्या आल्या ते काढणं. बांधून ठेवलं तर आतल्या घामानंच प्लास्टर ओलावतं. उन्हाळ्यात सुती कपडे आणि पंखा पुरतो.

स्पायकातल्या मुलाची खरी कसोटी लंगोटाची असते. युक्ती अशी: लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या फटीतून आत सरकवायचा, त्याच्या कडा सगळीकडून प्लास्टरच्या आत दाबायच्या आणि बाहेरून मोठ्या मापाचा दुसरा डायपर बांधायचा. दिवसा दर दोन तासांनी आणि रात्रीही एकदा बदलायचा. डोकं पायांपेक्षा थोडं उंच ठेवलं तर लघवी वर पाठीकडे जात नाही. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, जागेपणी थोडा वेळ पोटावर ठेवायचं. दोन पायांमधल्या दांड्याला धरून कधीही उचलायचं नाही, एक हात पाठीखाली आणि एक मांड्यांखाली हवा. पोट आवळलेलं असतं, म्हणून थोडं थोडं आणि वरचेवर भरवायचं. पडून राहून शौचाला घट्ट होतं. पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका, वरणभात यांनी ते सुधारतं.

गुडघ्याखालच्या प्लास्टरमध्ये मूल चालू लागलं तर? बहुतेक डॉक्टर साध्या फ्रॅक्चरला परवानगी देतात, पण विचारून घ्यावं. या वयातलं मूल दुखत असेल तर स्वतःहून पाय टाकत नाही. त्याला उभं करायचा आग्रह नको आणि ते उभं राहिलं म्हणून ओरडणंही नको.

मुलाचं मन हा यातला फार दुर्लक्षित भाग. जे मूल महिनाभरापूर्वी चालायला शिकलं, ते परत रांगतं, चिकटतं, चावतं, रात्री दचकून उठतं. हे लाड नव्हेत. आपण जाऊ शकतो ही नवी सापडलेली ताकद त्याच्याकडून काढून घेतली गेली आहे. त्याला खोलीच्या मध्यावर, माणसांत ठेवावं. जमिनीवरची गादी पलंगापेक्षा सुरक्षित असते. कणकेचा गोळा, वाट्या-चमचे, चित्रांची पुस्तकं, खिडकीतून दिसणारा रस्ता, एवढ्यावर दिवस निघतो. दुचाकीवरून फिरवणं मात्र या काळात पूर्ण बंद.

हाडवैद्य, पाया सूप आणि व्हिटॅमिन डी

महाराष्ट्राच्या अनेक भागांत पहिली धाव हाडवैद्याकडे असते. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो आणि मुख्य म्हणजे बोलतो, धीर देतो. त्याच्या हातून अनेक हाडं जुळतात, कारण मुलांची बहुतेक हाडं मुळात जुळणारीच असतात. धोका आहे तो मालिशीत आणि बांबूच्या पट्ट्या करकचून बांधण्यात. ताज्या मोडीवर चोळल्यानं सूज वाढते आणि घट्ट बांधल्यानं पाय काळा पडून कापावा लागल्याची उदाहरणं अस्थिरोगतज्ज्ञांच्या अनुभवात आहेत. सरकारी यंत्रणेला ही धाव थांबवायची असेल, तर नुसत्या उपदेशानं ती थांबणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे आणि प्लास्टर वेळेवर मिळालं तर थांबेल.

खाण्याबद्दल घराघरांत ठाम मतं असतात. पाया सूप चवीला छान, पण त्यात कॅल्शियम फार उतरत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. नाचणीची खीर, दूध, दही, तीळ, अंडं, डाळी एवढं पुरे. हाडसांधीचा रस एवढ्या लहान मुलाला घरच्या घरी देऊ नये. व्हिटॅमिन डीचीही घाई नको. मोठ्यांसाठी घरात पडलेली ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांना न विचारता मुलाला देऊ नये. त्याची रोजची गरज सहाशे युनिटच्या घरात असते. पण किरकोळ धक्क्यानं वारंवार हाडं मोडत असतील, पाय बाकदार असतील किंवा डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसत असेल, तर मुडदूस किंवा जन्मजात ठिसूळ हाडांची तपासणी व्हायलाच हवी.

‘कसं पडलं?’

हा प्रश्न दवाखान्यात दोन-तीन जण विचारतात आणि आईला तो आरोप वाटतो. त्याचं कारण समजून घ्यायला हवं. मांडीचं हाड मोडलेल्या तीन वर्षांखालच्या मुलाबाबत मारहाणीची शक्यता तपासावी, असं अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. जे बाळ अजून चालतच नाही, त्याचा पाय आपोआप मोडत नाही. त्या बाळाच्या वतीनं बोलणारं दुसरं कुणी नसतं, म्हणून डॉक्टर विचारतात. मुलाला इजा होत असल्याचा संशय असेल तर शेजारीही १०९८ या हेल्पलाइनला कळवू शकतात. चालत्या मुलाच्या साध्या फ्रॅक्चरमध्ये मात्र ‘पडताना कुणी पाहिलं नाही’ हे उत्तर अगदी नेहमीचं आणि खरं असतं. ते तसंच सांगावं.

त्याहून जास्त त्रास घरातल्या प्रश्नांचा होतो. ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ हे वाक्य आईच्याच वाट्याला येतं. चालायला शिकणारं मूल डोळ्यांदेखतही पडतं. अशा वेळी दोष वाटण्यापेक्षा रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात.

प्लास्टर कापताना आणि नंतर

कापायचं यंत्र घरघरतं आणि मूल घाबरतं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी अतिवेगानं थरथरतं. कडक प्लास्टर त्यानं कापलं जातं, कातडी हलते आणि सुटते. पातं तापून भाजू शकतं, म्हणून तंत्रज्ञानं मधे मधे थांबायला हवं. आधी ते स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं आणि मुलाला आईच्या मांडीवर बसवलं, तर निम्मी भीती जाते.

आतून निघालेला पाय बघून अनेक आया रडतात. तो बारीक दिसतो, त्यावर लव दाट असते, पापुद्रे सुटतात. हे सगळं जातं. कोमट पाण्यात भिजवून, खोबरेल तेल हलक्या हातानं लावावं. घासू नये, मालिश नको. मूल काही दिवस रांगेल, दोन-तीन आठवडे लंगडेल, पाऊल बाहेर टाकेल. या वयात सहसा फिजिओथेरपी लागत नाही, कारण खेळच ते काम करतो. महिना उलटून गेल्यावरही लंगडणं तसंच असेल किंवा ताप आणि सूज दिसली, तर परत दाखवावं.

घराला काय द्यायला हवं

इतकं सगळं पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते: हाड बहुतेक वेळा जुळतंच. जे बिघडतं ते घट्ट प्लास्टर न ओळखल्यानं, भिजलेल्या कापसानं, चुकीच्या बाटलीनं, हुकलेल्या तारखेनं. ही हाडाची गुंतागुंत नाही, माहितीची आहे. आणि ती सगळ्यात जास्त भोगतं ते कमी साधनांचं घर. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल एका जिल्ह्यात प्लास्टरमध्ये जातं आणि ते कापायच्या तारखेला फड दुसऱ्या जिल्ह्यात असतो. रोजंदारीवरच्या आईला दर दोन तासांनी लंगोट बदलायला कामावरून कोण सोडणार?

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही. प्रत्येक प्लास्टरच्या खोलीत मराठीत छापलेला एक कागद असावा. त्यावर धोक्याच्या खुणा, औषधाची मात्रा आणि बाटलीचं नाव, प्लास्टर कापायची तारीख आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर असावा. घरी सोडण्यापूर्वी बोटं तपासणं आईकडून आणि बापाकडून एकदा करून घ्यावं. स्पायका असेल तर डायपर कसा बसवायचा हे परिचारिकेनं हातानं दाखवावं. पहिल्या दोन दिवसांत दवाखान्यानं स्वतःहून एक फोन करावा. गाव बदलणाऱ्या कुटुंबाला प्लास्टर कुठल्याही सरकारी रुग्णालयात कापून मिळेल, अशी नोंद त्याच कागदावर करून द्यावी.

मुलाला वॉर्डातून लवकर घरी पाठवणं हे चांगलं वैद्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घराला वॉर्डाचं काम द्यायचं असेल, तर वॉर्डातल्या परिचारिकेला जेवढं शिकवलं जातं त्यातलं आवश्यक तेवढं आईबापांनाही शिकवावं लागेल. तो त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे आणि ती रुग्णालयाची जबाबदारी आहे.